तिवड्याच्या जागी सखाराम मिस्त्री

सखाराम मिस्त्रींच्या बंडीच्या खिशात कायम चिमूटभर भुसकट असायचं. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते चिमूट काढत, हात डोक्याच्या वर नेत आणि भुसकट सोडून देत. ते कुठे जातं ते बघत. मग कामाला लागत. रंधा मारण्याआधी भुसकट, चूल पेटवण्याआधी भुसकट, लग्नाच्या पंगतीत पाट निवडण्याआधीही भुसकट. एकदा एका घरी मयताला गेले, तिथे दारातच त्यांचा हात वर गेला. रडणाऱ्या बायका तरंगणाऱ्या भुसकटाकडे बघू लागल्या. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तिरडी हिकडल्या अंगानं बांधा. धूळ तोंडावर येतीय त्याच्या."

आमचं गाव पाटोद्याच्या पश्चिमेला. दोन कोसांवर निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजी हद्द लागायची. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. मी औरंगाबादेस शिकून परत आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि हद्दीपलीकडून येणारी पत्रकं धोतराच्या सोग्यात लपवून आणायचो. सभेला परवानगी हवी, आखाड्याला परवानगी हवी, चार पुस्तकं मांडून वाचनालय काढायचं तरी परवानगी हवी, अशा राज्यात माणसाने मान वर करून जगावं कसं, हा माझा त्या वेळचा प्रश्न होता. तो प्रश्न मी आजही मागे घेतलेला नाही.

मिस्त्री गावचे सुतार. तिफण, वखर, गाडीची चाकं हे त्यांचं काम. गावात पोरंसोरंसुद्धा त्यांना 'अरे सखाराम' म्हणत. मी तत्त्व म्हणून 'अहो मामा' म्हणायचो. त्यावर ते एकदा म्हणाले, "काय बे पुढारी, मला अहो म्हणतूस, अन् ह्या लाकडाचं दुसरं टोक धरायला वाकत न्हाईस."

मी लाकडाचं टोक धरलं. तिथून आमची दोस्ती झाली.

त्याच सुमारास एका दुपारी आमच्या गावावरून विमान गेलं. फार उंचावरून, घारीएवढं दिसणारं. आवाज आला तसा सगळा गाव शिवाराकडे धावला. बायांनी तव्यावरच्या भाकरी तशाच टाकल्या. मिस्त्रीही धावले, पण विमान डोक्यावर आलेलं असताना अचानक मागे वळले आणि घराकडे पळत सुटले. गावाने त्याचा अर्थ लगेच लावला. "सखाराम भ्याला. जहाज डोक्यावर पडंल म्हनून घरात जाऊन दडला." पुढे महिनाभर पारावर ही गोष्ट चालली. मिस्त्री ऐकून घेत आणि भुसकट सोडत.

मग त्यांनी स्वतःच विमान करायला घेतलं.

ते त्याला जहाज म्हणत. अंग पांगाऱ्याच्या लाकडाचं, कारण पांगारा हलका. पंख बांबूच्या कामट्यांचे, त्यावर पतंगाचा कागद, कागदाला कणकेची खळ. पुढचा पंखा त्यांनी नुसत्या चाकूने कोरला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या पोटाखाली ताणल्या. पंखा बोटाने उलटा फिरवत गेलं की पट्ट्यांना पीळ बसे. बोट काढलं की पीळ सुटे आणि पंखा भिरभिरे.

"कुणी शिकवलं मामा?"

"गाडीनं."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर जातं आणि बैलांचे गळे आवळले जातात. म्हणून ओझं नेहमी किंचित पुढे ठेवायचं. मिस्त्री जहाज दोन बोटांच्या टोकांवर पंखाखाली तोलून धरत. नाक जरासं खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेलं की म्हणत, "उलाळ हाय," आणि नाकाला मेणाची गोळी चिकटवत. ही तपासणी ते रोज करत, कालच केलेली असली तरी करत. "रात्रीतून कागद दव पितो," असं त्यांचं म्हणणं. मग पंख डोळ्यासमोर धरून पिळलेत का बघत. मग पीळ न देता, नुसतं हाताने, भुसाच्या ढिगाकडे अलगद सोडून बघत. सरळ गेलं तर पुढचं काम. वाकडं गेलं तर त्या दिवशी जहाज बंद. मी वैतागायचो. त्यावर ते म्हणत, "आधी जमीन, मंग हवा. जमिनीवर चुकलं तर हसू हुतं, वर चुकलं तर कुनाचा तरी डोळा जातो."

पहिल्या दिवशी मात्र हसूच झालं. नवं अवजार म्हटल्यावर पूजा आली. पाटलीणबाई ताट घेऊन आल्या. नाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि झेंडूचा भरघोस हार नेमका शेपटीला बांधला. मिस्त्री हात जोडून सांगत होते, "बाई, मागं नगं, मागं नगं." पण देवाच्या कामात सुताराचं कोण ऐकतो? जहाजाने नाक आभाळाकडे केलं, क्षणभर उभं राहिलं आणि हारासकट भुसाच्या ढिगात बसलं. गाव पोट धरून हसला.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हार सोडला, झटकला आणि पाटलीणबाईंसमोर मान वाकवली. "हार मला घाला. मला उडायचं न्हाई."

जागा त्यांनी निवडली ती स्वतःच्या घराला लागून असलेली, पाटलाच्या खळ्याची. ज्वारीची रास घरी गेली होती, खळं मोकळं होतं. शेणाने सारवलेलं, गोल, सपाट. खळ्याच्या मधोमध तिवडा असतो, म्हणजे मळणीच्या बैलांचा दोर बांधायचा खांब. त्याच्याभोवती बैल फिरतात. मिस्त्रींनी तिवडा उपटून बाजूला ठेवला आणि त्याच्या खड्ड्यात स्वतः उभे राहिले. पायात वहाण नाही, कारण खळ्यात वहाण घालून कुणी जात नाही. हातात लाकडाची मूठ आणि मुठीपासून जहाजापर्यंत दोन दोऱ्या, आठ-आठ हातांच्या, मेण लावलेल्या.

दोन का? तर मोटेला दोन असतात म्हणून. मोटेचा जाड नाडा ओझं ओढतो आणि बारीक सोंदूर मोटेची सोंड वरखाली धरतो. तसंच इथे. एक दोरी जहाजाला धरून ठेवायची, दुसरी शेपटीची फळी हलवायची. सोंदूर खेचला की जहाज वर, ढिला सोडला की खाली. पीळ दिलेलं जहाज काठावरून सोडायचं, ते मिस्त्रींभोवती पाच फेऱ्या घ्यायचं आणि हळूच टेकायचं. मिस्त्री खड्ड्यात उभ्या उभ्या गोल फिरायचे. लोक म्हणायचे, "सखाराम तिवडा झाला रे!"

काठावरून सोडायचं काम माझं. कुठे उभं राहायचं ते भुसकट ठरवायचं. वारा जिकडे जातो त्या अंगाला मी. म्हणजे वारा जहाजाला बाहेर ढकलतो आणि दोऱ्या ताठ राहतात. सकाळी वारा मावळतीकडून असायचा. म्हणून मी उगवतीच्या काठावर आणि मिस्त्रींच्या घराची पुरुषभर उंच भिंत माझ्या समोर, पलीकडच्या काठाला.

दोन गोष्टी मला खटकत. एक म्हणजे, मी जहाज धरून उभा राहिलो की मिस्त्री मोठ्याने विचारत, "हाय का तयार?" मी म्हणायचो, "तयार!" तरी ते सोडू देत नसत. थांबत. इतक्यात त्यांच्या घरातून कुठेतरी तांब्या वाजल्यासारखा आवाज येई आणि मग ते म्हणत, "सोड." मला वाटे, वाऱ्याची वाट बघतात. दुसरी म्हणजे, जहाज मोकळ्या बाजूला असताना ते खाली ठेवत आणि भिंतीजवळ आलं की सोंदूर खेचून ते भिंतीच्याही वर चढवत. नेमकं उलटं. मोकळ्या बाजूला उंच उडवावं, लोक तिकडे बसलेले.

"भिंतीला लागाया नगं," ते म्हणत.

"मग भिंतीपासून लांब उभे राहा ना."

"तिवड्याचा खड्डा हितंच हाय." बोलणं संपलं.

पण माझा खरा राग दोरीवर होता. माणसाने एवढं हलकं, एवढं सुंदर काही घडवावं आणि त्याच्या पोटाला दोरी बांधून ते बैलासारखं फिरवावं! मी त्यांना तासन्‌तास सुनावायचो. आपली सगळी प्रजा अशीच दोरीला बांधलेली आहे, उडते आहे असं तिला वाटतं आणि फिरते ती खळ्यात. मिस्त्री पांगारा तासत ऐकायचे.

"झालं?"

"झालं."

"सोडलं तर शंभर पावलं जाईल अन् बाभळीत अडकंल. तुजं स्वातंत्र्य बाभळीपतोर हाय."

"बाभळीपर्यंत तर बाभळीपर्यंत! पण स्वतःच्या मर्जीने!"

"त्याला कुठं मर्जी? पीळ आपुन देतो की."

मग एक दिवस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावर बसून आले. कुणीतरी कळवलं होतं, गावात हवाई जहाज बनलं आहे. साहेब पन्नाशीचे, दमेकरी, कागदाला भिणारे. त्यांनी जहाज हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला.

"मिस्त्री, ये दोरी छूट गई तो?"

"तर बाभळीत अडकंल साहेब."

"और बाभळी के आगे?"

"म्होरं बी बाभळीच हायत."

"और उसके आगे अंग्रेजी हद! बगैर करोडगिरी के उधर गया तो जवाब किसने देना? मेरे को देना पडता ना बाबा."

मी पुढे सरसावलो. मिस्त्रींनी माझा सदरा मागून धरला.

शेवटी ठरलं. आठ दिवसांनी साहेब पुन्हा येणार. त्यांच्यासमोर जहाज उडवून दाखवायचं. दोरी टिकली तर ते लेखी परवानगी देणार. दोरी तुटली तर जहाज गोणीत घालून ठाण्यात जाणार आणि मिस्त्रींनी पुन्हा असलं काही करायचं नाही.

ते आठ दिवस मिस्त्रींनी कुणाची तिफण हातात घेतली नाही. दोऱ्या सोडल्या, नव्या तिपेडी वळल्या, मेण लावलं, रोज दगड बांधून ओढून बघितल्या. अर्ध्या जेवणातून उठून पुन्हा गाठी तपासायचे. एवढ्या धीराचा माणूस एका खेळण्यासाठी अमीनाला भितो, याची मला चीड आली. आणि मी मनाशी ठरवलं. सोडणारा मीच होतो. जहाज माझ्याच हातात असणार. बोरू तासायचा चाकू माझ्या खिशात होता. गाव जमलेला असेल, अमीन समोर असेल. त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक तरी वस्तू परवानगीशिवाय उडेल. मिस्त्री दुसरं जहाज करतील, ठाण्याचं भय त्यांच्या मनातून कायमचं जाईल, आणि पुढे माझे आभार मानतील. खरंच असं वाटलं होतं मला.

त्या सकाळी गाव खळ्याभोवती बसला. अमीनसाहेबांना बाज टाकली होती. मिस्त्रींनी खिशातून चिमूट काढली. भुसकट सोडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. वारा फिरला होता. उगवतीकडून येत होता.

"भिंतीकडं जा," ते मला म्हणाले.

मी पहिल्यांदाच त्या बाजूला गेलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पंखा फिरवून पीळ दिला. जहाज छातीशी धरलं आणि पंखाच्या आडून चाकूने सोंदूर कापला. एक दोरी राहिली. तिला पातं लावलं.

"हाय का तयार?" मिस्त्री ओरडले.

माझ्या कानाजवळ तांब्या वाजला. इतका जवळ की मी दचकलो. मागे बघितलं. भिंतीतला एक चिरा निखळला होता आणि त्या भोकातून आतलं अंगण दिसत होतं. अंगणात बाजेवर एक बाई निजलेली होती. उताणी. कमरेखाली गोधडी, पाय जिथे असायला हवेत तिथे हालचाल नाही. छातीवर पितळेचा तांब्या, हातात पळी. डोळे भिंतीच्या वरच्या आभाळाच्या पट्टीवर लावलेले. केस विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, जशी बाई जत्रेला निघते तशी.

माझी सावली भोकावर पडली असावी. तिने मान न वळवता विचारलं, "कोन, पुढारी का? सोडा की भाऊ. वारं उठायलंय. मंग त्येंला जमायचं न्हाई."

गोदामामी. मिस्त्रींची बायको. चार वर्षांपूर्वी माळवदावरून पडून तिची कंबर गेली, हे मी औरंगाबादेस असताना पत्रात वाचलं होतं आणि विसरलो होतो. गावही विसरला होता. मी रोज त्या भिंतीसमोर उभा राहून गुलामगिरीवर बोलत होतो. भिंतीपलीकडे कोण आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोडलेलं जहाज तिला एकदाच दिसलं असतं, तेही दिसलं तर. बांधलेलं पाच वेळा दिसत होतं.

"थांबा!" मी ओरडलो. "मामा, थांबा! सोंदूर तुटलाय."

अमीनसाहेब बाजेवरून उठले. गाव कुजबुजला. मिस्त्री मूठ खाली ठेवून माझ्यापर्यंत चालत आले. त्यांनी दोरीचं टोक बोटांत धरलं. तुटलेल्या दोरीला पिंजलेलं टोक असतं. हे टोक सरळ होतं. त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. चाकू अर्धा बाहेर होता. मग भिंतीच्या भोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"क्या हुआ मिस्त्री?" साहेब जवळ येत होते.

"काय न्हाई साहेब," मिस्त्री वळून म्हणाले. "माजी चूक. सोंदूर कच्चा ऱ्हायला. बरं झालं, पोरानं जमिनीवरच बघितलं."

त्यांनी गाठ मारली. दोनदा ओढून बघितली. जहाज बोटांवर तोललं, जणू काही घडलंच नाही. तोंड माझ्या कानाशी आणून एवढंच म्हणाले, "चाकू मला दे. आन् सरळ सोड."

मी चाकू त्यांच्या हातात दिला. ते खड्ड्यात परत गेले आणि मी जहाज सरळ सोडलं.

पाच फेऱ्या झाल्या. भिंतीजवळ आलं की जहाज वर चढत होतं आणि वर चढलं की पलीकडे तांब्या वाजत होता. आता मला तो ऐकू येत होता. मिस्त्री गोल फिरत होते, पण त्यांचे डोळे जहाजावर नव्हते. ते भिंतीवर होते. पाचव्या फेरीनंतर जहाज सारवलेल्या जमिनीवर टेकलं. अमीनसाहेबांनी खोकत खोकत परवानगी लिहिली आणि जाताना हळूच विचारलं, "एक बार और दिखाता क्या?"

संध्याकाळी मी मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायचे शब्द पत्रकांत कुठे लिहिलेले नव्हते. मी म्हणालो, "मामा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी इचारलंस? मला तर वाटलं, तुला ठाऊक असंल. समद्या गावाला ठाऊक हाय." मग रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "ते खरं जहाज आलतं ना वरून, तवा समदा गाव बघाया गेलता. मी बी गेलतो. अर्ध्यात ध्यानात आलं, ही आत पडलीय. तिची बाज ओढाया पळालो. बाज दारात अडकली. तवर जहाज गेलं. ती म्हणली, आवाज लई ग्वाड हुता. कसं दिसत हुतं? मला सांगताच येईना."

ते भुसकट कुणाचं, तेही त्या दिवशी कळलं. खळ्यात धान्य उपणताना वारा ओळखायचा तो मामीने. आख्ख्या शिवारात तिच्याएवढा वारा कुणाला कळत नसे. मिस्त्री तिच्याकडून शिकले होते. ती पडल्यावर चिमूट त्यांच्या खिशात आली.

मग मामीने मला आत बोलावलं. मी पहिल्यांदा त्या अंगणात गेलो. तिने मला बाजेजवळ बसवलं आणि दाराकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, तुमी त्येंला लई बोलता म्हनं, दोरी सोडा, दोरी सोडा. माजं बी एक सांगा. चार सालं झाली, मी म्हणतेय, दुसरं लगीन करा. जवान मानूस. ऐकत न्हाईत. माज्यापायी खड्ड्यात उभं राहून फिरत्यात. त्येंला म्हणावं, गोदी म्हणती, एकदा सोडून द्या. तुमचं ऐकतील."

मी बाहेर आलो. मिस्त्री खळ्यात होते. उद्यासाठी जहाज दोन बोटांवर तोलत होते. मी तिचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतका हळू कधीच बोललो नव्हतो.

जहाजाचं नाक किंचित खाली झुकलं, तसं त्यांनी ते माझ्या हातात दिलं. सवयीने खिशातून चिमूट काढली, वर नेली, पण सोडली नाही. तशीच परत खिशात ठेवली.

"तिला म्हणावं," ते म्हणाले, "मला उडायचं न्हाई."